भिंतीवरचा काळोख

नागपूरजवळच्या कन्हानला खदानीचं क्वार्टर मिळालं की सामान लावायच्या आधी भिंतीत एक खिळा ठोकला जायचा. तो कॅलेंडरचा. नवं साल लागलं की किराणावाला, कापडवाला, सोनार, सायकलवाला असे सगळे आपापल्या गिऱ्हाइकांना कॅलेंडरं वाटायचे. गुंडाळी केलेली, वरून रबर लावलेली. वर-खाली पत्र्याची पट्टी, वरच्या पट्टीला कडी, मधे हातभर चित्र, चित्राखाली दुकानाचं नाव आणि त्याच्याही खाली बारा पानांचा तारखांचा इवलासा गठ्ठा. गुंडाळीत काय निघेल ते घरी येऊन उघडल्यावरच कळायचं आणि जे निघालं ते वर्षभर भिंतीवर राहायचं. कोणाकडे बासरीवाला कृष्ण, कोणाकडे कमळातली लक्ष्मी, कोणाकडे काश्मीरचं तळं. आमच्याकडे काली निघाली.

ती बरीच वर्षं राहिली. डिसेंबर संपला की तारखांचा गठ्ठा काढून टाकायचा आणि देवाचं चित्र तसंच ठेवायचं, ही तेव्हा घरोघरची रीत होती. काळीनिळी कांती, गुडघ्यापर्यंत मोकळे केस, गळ्यात मुंडक्यांची माळ, कमरेला तुटलेल्या हातांचा घेर. एका डाव्या हातात खड्ग, दुसऱ्यात केसांनी धरलेलं मुंडकं आणि त्याखाली रक्त चाटायला तोंड वर करून उभा असलेला कोल्हा. मागे पेटलेल्या चिता. पायाखाली गोरापान शंकर डोळे मिटून पडलेला. छपाई स्वस्तातली होती, त्यामुळे लाल रंग आपल्या जागेवरून जरासा सरकला होता. जिभेचा लाल ओठांबाहेर सांडलेला, माळेतल्या मुंडक्यांचे ओठ त्यांच्या गालांवर आलेले. रात्री पिवळ्या बल्बच्या उजेडात पंख्याच्या वाऱ्याने पट्टी भिंतीवर टकटक वाजू लागली, की ती जीभ हलली असं मला खात्रीने वाटायचं. मुंडक्यांना मिशा होत्या, प्रत्येकाची तऱ्हा निराळी. त्यातला एक चेहरा हसतो आहे असं माझं म्हणणं होतं. भावाला ते कधीच पटलं नाही.

बाबा तेव्हा 'खाली' जायचे. खाली म्हणजे जमिनीखाली, कोळशाच्या थरात. कॅप लॅम्पचा उजेड पडेल तेवढंच जग. रातपाळीचा भोंगा झाला, की सायकल काढून निघायचे आणि आम्ही त्या चित्राखाली अंथरूण टाकायचो. पोरं झोपेत दचकतात म्हणून आजीने एकदा ते कॅलेंडर उतरवायला सांगितलं. आई म्हणाली, "राहू द्या आत्याबाई. हे खाली जातात." त्यावर आजी काही बोलली नाही. आईने त्याच गठ्ठ्यावर दुधाचे खाडे पेन्सिलीने मांडले, बाबांच्या पाळ्या लिहिल्या, सिलेंडर लागल्याची तारीख लिहिली. एवढं भयंकर चित्र आणि त्याच्या पायाशी घरातला सगळा हिशोब. दोन ओळी सोडून राहणाऱ्या बंगाली काकीमांकडे दिवाळीच्या अमावास्येला कालीपूजा असायची. त्यांनी सांगितलं, की ती रागाने जीभ काढत नाही, नवऱ्याच्या अंगावर पाय पडला म्हणून लाजून चावते. त्या दिवसापासून माझी भीती अर्धी झाली. उरलेली अर्धी मला हवीशी वाटायची.

ही चित्रं येतात कुठून, असं तेव्हा कोणी विचारत नव्हतं. पुढे कळलं, की बरीचशी तमिळनाडूतल्या शिवकाशीहून यायची. फटाके, काडेपेट्या आणि छपाई हे त्या गावाचे तीन धंदे. एजंट नमुन्यांचा जाडजूड अल्बम घेऊन दुकानोदुकान फिरायचा, दुकानदार चित्र निवडायचा आणि खाली त्याचं नाव छापून गठ्ठे यायचे. शिवकाशीजवळच्या कोविलपट्टीत सी. कोंडय्या राजू यांच्या हाताखाली चित्रकारांची एक पिढी याच कामावर तयार झाली. त्याआधीची वाट आपल्या महाराष्ट्रातून जाते. पुण्याची चित्रशाळा १८७८ची, तिच्या संस्थापकांत विष्णुशास्त्री चिपळूणकर. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ साली निघाला, मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेऊन चालवला. दगडावरून छपाई, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. तो छापखाना १९७२मध्ये आगीत गेला. आमच्या कालीचा सरकलेला लाल रंग ही त्याच कारागिरीची घाईत केलेली, स्वस्तातली नात म्हणायची.

मराठी घरांत ज्यांची चित्रं नावाने ओळखली जायची ते रघुवीर मुळगावकर. जन्म गोव्याचा, १९१८चा. रंगाचा फवारा मारून ते असं काम करायचे, की कातडीवर उजेड आतून आल्यासारखा दिसावा. देवादिकांची कॅलेंडरं त्यांची आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही त्यांचीच. एकच हात सकाळी लक्ष्मीचे दागिने रंगवतो आणि संध्याकाळी पिस्तूल रोखलेला काळा झगा रंगवतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गुलबर्ग्याचे एस. एम. पंडितही तसेच. सिनेमाची पोस्टरंही त्यांनी रंगवली आणि पुराणातले प्रसंगही. त्यांच्या चित्रातल्या ढगांना नाटक कळायचं. अंधार आणि शृंगार, भीती आणि भक्ती यांच्यात या माणसांनी भिंत घातली नाही.

आमच्या ओळीत आणखी एक चित्र होतं, ते कॅलेंडर नव्हे. रामटेकला त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेत मिळणारं 'करनी भरनी'चं चित्र. मधोमध यमराज, शेजारी चोपडी उघडून बसलेला चित्रगुप्त आणि सभोवती लहान लहान चौकटींत पापाची शिक्षा. कोणाला तेलाच्या कढईत टाकलंय, कोणाला करवतीने चिरताहेत, कोणी काटेरी झाडावर चढतोय. शेजारच्या म्हातारबाबांनी ते दाराच्या मागच्या बाजूला चिकटवलं होतं. दार लावल्याशिवाय ते दिसत नसे. आम्ही पोरं त्यासाठी त्यांचं दार लावून घ्यायचो आणि खोट्या मापाची शिक्षा कोणती, भावाला मारलं तर कोणती, हे एकमेकांना वाचून दाखवायचो. त्या चित्राने आम्हाला सद्गुणी केलं की नाही, सांगता येणार नाही. इतक्या बारकाईने मात्र दुसरं कुठलं चित्र आम्ही पाहिलं नसेल.

याच कन्हानमध्ये कितीतरी घरांच्या भिंतींवर यातलं काही नव्हतं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि नागपूर, कामठी, कन्हान या पट्ट्यात घरंच्या घरं बदलली. खिळा तोच, पण त्यावर निळ्या कोटातले बाबासाहेब आणि डोळे मिटलेले बुद्ध. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी गेलं, की त्या भिंतीकडे बघून बरं वाटायचं. तिला आमच्या घरी रात्री थांबायची छाती नव्हती आणि तिच्या आईने ती भीती भक्तीच्या नावाखाली झाकू दिली नाही, हे मला आता समजतं. ज्यांना देवाच्या नावाने शतकानुशतकं भिववलं गेलं, त्यांनी भिंत आधी स्वच्छ केली. पुढे अजिंठा पाहिला तेव्हा लक्षात आलं, की काळोख रंगवायला बौद्ध चित्रकारही कचरले नव्हते. पहिल्या लेण्यात माराची फौज बुद्धावर चालून येते, सव्विसाव्यात तोच प्रसंग दगडात आहे. वेडेवाकडे जबडे, बाहेर आलेले डोळे, उगारलेली शस्त्रं आणि मधे हललेला नाही असा एक माणूस.

मग भिंतीवरून चित्रच उतरलं. १९७३मध्ये जयंत साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढलं आणि हळूहळू घराघरात पोचवलं. तिथी, नक्षत्र, चतुर्थीचा चंद्रोदय आणि पानामागे लेख, पाककृती, आरोग्य. आमच्या भागात हिंदी बोलणाऱ्या खाणकामगारांकडे जबलपूरचं लाला रामस्वरूप पंचांग असायचं, तेही माहितीनेच भरलेलं. तारखांचा तो इवलासा गठ्ठा फुगत फुगत अख्खी भिंत व्यापून बसला आणि चित्राला जागा उरली नाही. सोय मोठी झाली यात शंका नाही. आईलाही दुधाचे खाडे लिहायला ऐसपैस चौकोन मिळाले. आमची काली एका वर्षी आईने कागदात गुंडाळून, फूल वाहून कन्हान नदीत शिरवली. देवाचं चित्र रद्दीत जात नसे. नदीलगत वाढलेल्या प्रत्येकाला ते विटके, ओले कागद काठाला लागलेले आठवत असतील.

भीती त्यानंतर पुस्तकांत राहायला गेली. नारायण धारप, रत्नाकर मतकरी, दिवाळीत 'धनंजय'. ती पुस्तकं उशीखाली ठेवून एकट्याने वाचायची असत. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी बघावा असा काळोख तिथेच संपला, असं मला आज वाटतं. खदानीचंही तसंच झालं. बाबा ज्या अंधारात उतरायचे तशा भूमिगत खाणी मागे पडल्या आणि कामठी, इंदर, गोंडेगाव इथे आभाळाखाली उघडे खड्डे पडले. कोळसा आता उन्हात निघतो.

माझी भाची नागपूरला नोकरीला जाते, राहते कन्हानलाच. तिच्या खोलीत गेल्या वर्षीपासून एक कॅलेंडर आहे. ऑनलाइन मागवलेलं, चौरस, गुळगुळीत जाड कागद, मधे दोन पिना, उघडलं की वर चित्र आणि खाली महिना. जानेवारीत पडक्या चर्चच्या टोकदार कमानीत काळे पंख असलेली मुलगी उभी. मार्चमध्ये डोमकावळ्यांचा थवा आणि वाळलेल्या झाडामागे अवाढव्य चंद्र. एका पानावर कवटीच्या डोळ्यातून उमललेला लाल गुलाब. ऑगस्टमध्ये ड्रॅगन, त्याच्या पंखाखाली निजलेली बाई. वहिनी ते पाहून म्हणाली, "काऊन वं, असं अभद्र लावते भिंतीले?" भाची म्हणाली, "आत्याला विचार. तुमच्या घरी काय होतं ते."

मला विचारल्यावर मी तिची बाजू घेतली आणि आजही घेईन. वहिनीला जे अभद्र दिसतं त्याच्यामागे मोठी परंपरा उभी आहे. होरेस वॉलपोलने १७६४मध्ये 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' लिहिली, तिथून पडके वाडे, तळघरं, शाप यांची ही गॉथिक दुनिया कथांत आली. १८९७मध्ये 'ड्रॅक्युला' आला. गेल्या शतकात फ्रँक फ्रझेटाने पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ती दुनिया रंगांत उतरवली. ग्रेग आणि टिम हिल्डब्रँट या जुळ्या भावांनी १९७६, ७७ आणि ७८ या सालांची टोल्किन कॅलेंडरं रंगवली आणि कल्पनाचित्रांचं कॅलेंडर ही पाश्चात्त्यांकडे घरोघरची वस्तू झाली. स्पेनचे लुईस रोयो, त्याच देशातली व्हिक्टोरिया फ्रान्सेस, इंग्लंडची अ‍ॅन स्टोक्स यांची चित्रं आज जगभर भिंतींवर लागतात. भाचीला ही सगळी नावं पाठ आहेत. आमच्या कालीच्या कोपऱ्यात चित्रकाराची सही होती, हे मला आठवतं. ती कोणाची हे वाचायची बुद्धी आम्हा कोणालाच झाली नाही. इथे आजची पोरं आमच्यापेक्षा चांगली आहेत.

बाकी तुलना करावी तर मन दोन्हीकडे ओढतं. आमचा काळोख दुकानदाराने दिलेला, फुकटचा, निवडीशिवाय आलेला, आणि तो अख्ख्या घराचा होता. आजीला, आईला, पाहुण्याला, दूधवाल्याला, सगळ्यांना तो एकदमच दिसायचा. त्याच्याबद्दल बोलावं लागायचं. भाचीचा काळोख तिने पैसे मोजून, पन्नास चित्रं चाळून निवडलेला आहे आणि तो तिच्या खोलीचं दार लावल्यावर तिच्यापुरता आहे. आमच्या चित्रात भीतीला उत्तर चित्रातच असे. असुर मेलेला असायचा, पापी कढईत गेलेला असायचा, काली एका उजव्या हाताने अभय देत असायची. तिच्या चित्रातली पंखवाली मुलगी कोणाला मारत नाही, कोणाला वाचवत नाही. ती नुसती उभी आहे. मी विचारलं, "हिचं पुढे काय होतं?" भाची म्हणाली, "काही नाही होत आत्या. म्हणून तर बघायला बरं वाटतं. ऑफिसातून आल्यावर कोणी काही सांगू नये असं वाटते ना, तसं."

हे ऐकल्यावर मी तिला रामटेकला घेऊन गेले. कन्हान जंक्शनवरून रामटेकचा फाटा निघतो, लहानपणी आम्ही जत्रेला त्याच गाडीने जायचो. गडावर वाकाटकांच्या काळातली, पाचव्या शतकातली दोन नरसिंहाची मंदिरं आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. कॅलेंडरवरचा नरसिंह सगळ्यांना माहीत आहे. मांडीवर हिरण्यकश्यपू, बाहेर ओढलेली आतडी, बाजूला हात जोडलेला प्रल्हाद. गडावरच्या मूर्तींत यातलं काहीच नाही. अंधाऱ्या गाभाऱ्यात माणसापेक्षा मोठा सिंहमुखी देव एकटाच बसला आहे. एक गुडघा उभा, त्यावर सैलसा टाकलेला हात, दुसऱ्या हातात चक्र, आयाळ खांद्यावर पसरलेली. असुर नाही, रक्त नाही, भक्तही नाही. आधी मारलं आहे की अजून मारायचं आहे, हे कळत नाही. भाची बराच वेळ बसून होती. मीही ती मूर्ती लहानपणापासून पाहत आले होते, पण तिच्यात प्रल्हाद नाही हे मला भाचीसोबत पाहताना पहिल्यांदा दिसलं. उत्तर न देणारं भयंकर चित्र परदेशातून आलं, असं म्हणायची सोय राहिली नाही.

टोकदार कमानी पाहायलाही लांब जावं लागत नाही. नदीपलीकडे कामठी. १८१७ला सीताबर्डीची लढाई झाली आणि १८२१मध्ये इंग्रजांनी कामठीला छावणी वसवली. तिथे जुनी चर्चं आहेत, गोऱ्यांचं कब्रस्तान आहे. हवामान न मानवून, तापाने गेलेली माणसं तिथे पुरलेली आहेत. आमच्या लहानपणी त्या बाजूच्या भुतांच्या गोष्टी कन्हानपर्यंत यायच्या.

आणि मारबत! नागपूरबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बांबू आणि कागदाच्या प्रचंड बाया मिरवत काढतात. काळी मारबत १८८१पासूनची, पिवळी १८८५पासूनची. भोसल्यांच्या घराण्यातली बांकाबाई इंग्रजांना मिळाली, तिचा निषेध म्हणजे काळी मारबत, असं नागपूरकर सांगत आले आहेत. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, सगळ्यांना ओरडून ओरडून तिच्यासोबत घालवायचं आणि शेवटी तिला जाळायचं. गावखेड्यात अजूनही पोळ्याला दारात लावलेल्या पळसाच्या फांद्या दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं 'घेऊन जा गे मारबत' करत शिवेबाहेर नेऊन टाकतात. एवढी मोठी काळोखाची देवता शहराच्या मध्यातून भर दिवसा चालते, आणि तिचं एकही चांगलं कॅलेंडर माझ्या पाहण्यात नाही.

याचं मला मनापासून वाईट वाटतं. तशी देवांची चित्रं सध्या पुन्हा काळवंडू लागली आहेत. कासरगोडच्या करण आचार्य या तरुणाने २०१५मध्ये भुवया आकसलेला हनुमान काढला आणि तो देशभर गाड्यांच्या काचांवर चढला. कन्हानच्या तारसा चौकात उभं राहिलं, तर ऑटो, ट्रक, बुलेट, सगळीकडे तोच. धुरातला शंकर, राखेतला शंकर मोबाइलच्या पडद्यांवर. रंग गडद झाले, पण मला त्यात आमच्या कालीचा कोल्हा सापडत नाही. ते मुंडकं हसतंय की नाही यावर भावंडांनी भांडावं असा बारकावा त्यात नाही. एका दृष्टिक्षेपात संपणारं चित्र वर्षभर भिंतीवर कसं टिकेल? मराठी मातीत काळोख उत्तम उभा राहतो, हे २०१८च्या 'तुंबाड' या हिंदी सिनेमाने दाखवून दिलं. राही बर्वे यांच्या त्या सिनेमाचं बीज धारपांच्या कथेत होतं. कॅलेंडरात तो का येऊ नये?

भाची डिजिटल पाटीवर चित्रं काढते. मी तिच्यामागे लागले आहे, की बारा पानांचं आपल्या मुलखाचं कॅलेंडर कर. वैशाखात, नृसिंह जयंतीच्या महिन्यात, रामटेकचा एकटा नरसिंह. पावसाळ्यात कामठीची थडगी, त्यांच्यावर चढलेली वेल. कार्तिकात करनी भरनीच्या चौकटी, पण आजच्या पापांच्या. एका पानावर जमिनीखालची खदान, कॅप लॅम्पच्या उजेडात दिसणारा एकच चेहरा. त्या पानासाठी बाबांच्या एका जुन्या फोटोची तिने मागणी केली आहे, तो मी शोधते आहे.

सुरुवात तिने काळ्या मारबतीपासून केली. पहिला कच्चा आराखडा मला दाखवला, तेव्हा मारबतीला तिने काळे पंख दिले होते. मी म्हटलं, पंख काढ, ही बाई उडत नाही, हिला लोक ओढत नेतात. तिने ते ऐकलं. मागे काय ठेवायचं यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. तिला नागपूरच्या इतवारीतली गर्दी हवी, मला कन्हानचा पूल. तिथी छापायच्या का, हाही वाद झाला. तिचं म्हणणं, चौकोन रिकामे असले की छान दिसतात. मी तिला एवढंच विचारलं, की तिथीवाचून मारबत कोणत्या चौकोनात टाकशील? दरवर्षी तारीख बदलते. आता तिने कालनिर्णय स्वयंपाकघरातून आपल्या खोलीत आणून ठेवलं आहे, आणि वहिनी सिलेंडरची तारीख बघायला तिच्याकडे जाते.